जावा २१ ची सर्टिफिकेशन परीक्षा: कोड लिहिता येतो, मग मार्क का पडत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या कंपनीत तीन वर्षं स्प्रिंग बूट या जावाच्या फ्रेमवर्कवर काम, ओरॅकलची जावा एसई २१ डेव्हलपर प्रोफेशनल परीक्षा द्यायची आहे, ऑफिसनंतर रोज दीड-दोन तास अभ्यास होतो, व्हिडिओ बघून झाले, नोट्स काढून झाल्या, तरी सराव परीक्षांत गाडी पन्नास-पंचावन्न टक्क्यांच्या पुढे सरकत नाही. कामात तर कुठे अडत नाही, मग इथेच काय चुकतंय? आणि सोबतचे म्हणतात तसे डम्प, म्हणजे परीक्षेतून फुटलेले प्रश्न, पाठ करून मोकळं व्हावं का?

डम्पबद्दल पुढे बोलतो. आधी चुकतंय कुठे ते बघू.

जावा शिकवताना सन मायक्रोसिस्टिम्सच्या एससीजेपी या जुन्या जावा परीक्षेच्या काळापासून मी ही परीक्षा जवळून बघत आलोय, आणि नोकरी करणारी हुशार मुलं-मुली नेमकी याच टप्प्यावर अडकताना दिसतात. कॉलेजातल्या मुलांचं तसं होत नाही, त्यांना विषयच नवा असतो. तुमची अडचण वेगळी आहे. तुम्हाला जावा लिहिता येते, पण दुसऱ्याने लिहिलेला कोड नुसत्या डोळ्यांनी, काहीही न चालवता, शेवटपर्यंत वाचायची सवय राहिलेली नाही. ती सवय आयडीईने, म्हणजे आपण ज्यात कोड लिहितो त्या सॉफ्टवेअरने, काढून घेतलेली असते. इंटेलिजे किंवा एक्लिप्समध्ये चूक टाइप होताहोताच खाली लाल रेघ येते, तुम्ही ऑल्ट-एंटर (एक्लिप्समध्ये कंट्रोल-१) दाबता आणि पुढे जाता. तो कोड का कंपाइल होत नव्हता, हा विचार डोक्यात यायच्या आतच चूक दुरुस्त झालेली असते. तीन वर्षं रोज हेच झालं की कंपायलरचं काम आपण कंपायलरवर सोडून देतो. कामासाठी ते योग्यच आहे. परीक्षेत मात्र नेमकं तेच काम तुम्हाला करायला लावतात.

म्हणून अभ्यासाची दिशाच बदला. 'विषय समजला का' हे विचारणं थांबवा. समोरचा तुकडा कंपाइल होतो का, होत नसेल तर कोणत्या ओळीवर अडतो, होत असेल तर चालताना एक्सेप्शन येतो का, आणि नाही आला तर स्क्रीनवर नेमकं काय छापलं जातं, याच क्रमाने प्रत्येक तुकडा वाचा. 'पॉलिमॉर्फिझम म्हणजे काय' असा प्रश्न या परीक्षेत येत नाही. येतो तो पंचवीस-तीस ओळींचा कोड आणि खाली चार-पाच पर्याय, त्यातला एक बऱ्याचदा 'कोड कंपाइल होत नाही' असा.

एक साधं उदाहरण घ्या. बाइट प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये १० ठेवलेत. पुढच्या ओळीत त्याच व्हेरिएबलमध्ये 'स्वतः अधिक १' असं सरळ लिहिलंत तर कंपाइल होणार नाही, कारण बेरीज इंटमध्ये होते आणि इंट आपोआप बाइटमध्ये बसत नाही. तेच += वापरून लिहिलंत तर बिनबोभाट चालतं, कारण त्या ऑपरेटरमध्ये कास्ट आतच दडलेला असतो. नियम एका ओळीचा आहे आणि तो तुम्ही कधीतरी वाचलेलाही असतो. पण परीक्षेत ही ओळ लूपच्या आत, तिसऱ्या स्तरावर, वर स्ट्रीमचा गुंता असलेल्या प्रश्नात येते. सगळं लक्ष स्ट्रीमवर जातं आणि या ओळीवरून नजर घसरते.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं. 'इफ'च्या कंसात फॉल्स लिहिलंत तर आतला कोड कधीच चालणार नाही हे उघड आहे, तरी कंपायलर काही बोलत नाही. 'व्हाइल'च्या कंसात फॉल्स लिहिलंत तर मात्र आतली ओळ 'अनरीचेबल' म्हणून कंपाइलच होत नाही. दोन्हीकडे तर्क सारखाच, मग वागणूक वेगळी का? कारण जावाच्या भाषा-स्पेसिफिकेशनने 'इफ'ला मुद्दाम सूट दिलीय, म्हणजे डीबगसारखा एक फ्लॅग बंद करून कोडचा भाग बाजूला ठेवता यावा. हे कारण एकदा कळलं की नियम पाठ करावा लागत नाही. या परीक्षेतल्या बहुतेक 'विचित्र' नियमांमागे असंच एखादं सरळ कारण असतं. ते शोधायची चिकाटी ठेवलीत तर पन्नाशीतून सत्तरीत जायला वेळ लागत नाही.

आता परीक्षेचा आराखडा. जावा २१ च्या परीक्षेचा क्रमांक १झेड०-८३०. प्रश्न ५०, वेळ १२० मिनिटं, पास व्हायला ६८ टक्के, म्हणजे ३४ उत्तरं बरोबर हवीत. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. काही प्रश्नांत दोन किंवा तीन पर्याय निवडायचे असतात आणि किती निवडायचे ते सांगितलेलं असतं. आधीची जावा १७ ची परीक्षा, १झेड०-८२९, तेवढ्याच प्रश्नांना ९० मिनिटांची होती. ओरॅकल हे आकडे अधूनमधून बदलतं, म्हणून फी भरण्याआधी त्यांच्या पानावर एकदा बघून घ्या. जावा ८ च्या वेळी ओसीए (असोसिएट) आणि ओसीपी (प्रोफेशनल) अशा दोन पायऱ्या होत्या. आता एकच परीक्षा आहे आणि तिला आधीच्या पायरीची अट नाही. कुणी 'आधी ओसीए कर' म्हणालं तर ती जुनी माहिती समजा.

प्रश्नाला सरासरी दोन मिनिटं चोवीस सेकंद मिळतात. ऐकायला ऐसपैस वाटतं, पण मॉड्यूल किंवा कन्करन्सीचा एक प्रश्न सहज चार मिनिटं खातो. ती मिनिटं सोप्या प्रश्नांतून वाचवावी लागतात, आणि सोपे प्रश्न एका मिनिटात सुटायचे तर पायाभूत नियम बोटांवर असावे लागतात.

पायाभूत म्हणजे काय, तर संख्यांचे प्रकार आणि त्यांचं आपोआप होणारं रूपांतर, स्ट्रिंग, स्विच, लूप, ओव्हरलोडिंग, इनिशियलायझेशनचा क्रम, इनहेरिटन्स आणि एक्सेप्शन. अनुभवी लोक हा भाग 'हे तर येतं' म्हणून सोडतात आणि थेट व्हर्च्युअल थ्रेडसारख्या नव्या विषयावर उडी मारतात. माझा आग्रह आहे की निम्म्याहून जास्त वेळ इथेच द्या. हे नियम फक्त त्यांच्या नावाच्या प्रश्नांत येत नाहीत, प्रत्येक प्रश्नात विखुरलेले असतात. स्ट्रीमचा प्रश्न अनेकदा स्ट्रीमवर चुकत नाही, लॅम्डाच्या आत वापरलेलं बाहेरचं व्हेरिएबल नंतर बदललेलं असतं म्हणजे ते 'इफेक्टिव्हली फायनल' राहिलेलं नसतं, तिथे चुकतो.

ओव्हरलोडिंग बघा. एकाच नावाच्या तीन मेथड आहेत: एक लाँग घेते, एक इंटिजर ऑब्जेक्ट घेते, एक इंटचे व्हेरार्ग्ज घेते. तुम्ही ५ पाठवलेत. कोणती चालेल? बरेच जण इंटिजर म्हणतात, कारण ५ आणि इंटिजर जवळचे वाटतात. चालते लाँगवाली. आधी प्रिमिटिव्हमधलं रुंदीकरण, मग बॉक्सिंग, सगळ्यात शेवटी व्हेरार्ग्ज असा क्रम आहे. यामागचं कारणही सरळ आहे: बॉक्सिंग आणि व्हेरार्ग्ज जावा ५ मध्ये आले, आणि त्याआधी लिहिलेल्या कोडचा अर्थ बदलू नये म्हणून नव्या सोयींना मागे उभं केलं.

इनिशियलायझेशनच्या क्रमावर तर एक आख्खी संध्याकाळ घाला. पॅरेंट क्लासच्या कन्स्ट्रक्टरमधून एक मेथड कॉल होते, ती चाइल्ड क्लासने ओव्हरराइड केलेली आहे, आणि तिच्यात चाइल्डचं एक फील्ड छापलं जातं. त्या फील्डला घोषणेतच ७ दिलेले आहेत. छापलं काय जाईल? ०. कारण पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर चालू असताना चाइल्डच्या फील्डना किंमत मिळालेलीच नसते, पण मेथड मात्र चाइल्डचीच चालते. (ते फील्ड फायनल असेल आणि ७ ही कंपाइल-टाइम कॉन्स्टंट असेल, तर ७ च छापलं जाईल. परीक्षक हा बारकावाही वापरू शकतो.) त्याला जोडूनच पॅरेंट-चाइल्डमध्ये एकाच नावाचं फील्ड, स्टॅटिक मेथड आणि साधी मेथड अशी तीनही ठेवा, पॅरेंटच्या रेफरन्समधून तिन्ही वापरून बघा. फील्ड आणि स्टॅटिक मेथड रेफरन्सच्या प्रकारावरून ठरतात, साधी मेथड ऑब्जेक्टवरून. हे तिन्ही एका प्रश्नात एकत्र आले तरी गोंधळ उडता कामा नये.

आता रोजच्या अभ्यासाची पद्धत सांगतो. आयडीई बंद. साधा टेक्स्ट एडिटर आणि टर्मिनल. छोटा तुकडा लिहा, आणि चालवण्याआधी वहीत उत्तर लिहा: कंपाइल होईल की नाही, काय छापेल. मग जावासी, म्हणजे जावाचा कंपायलर, चालवा. उत्तर जुळलं तर पुढे जा. नाही जुळलं, तर खरं शिकायचं तिथे सुरू होतं: का जुळलं नाही हे एका वाक्यात, स्वतःच्या मराठीत, वहीत लिहा. 'एरर आली' असं लिहू नका. 'आयओ-एक्सेप्शन पकडायला कॅच लिहिला, पण ट्रायच्या आतली एकही ओळ तो फेकू शकत नाही, म्हणून कंपाइल नाही. हेच कॅचमध्ये नुसता एक्सेप्शन असता तर चाललं असतं' असं लिहा. ही वही तुमचं खरं पुस्तक होईल, कारण तिच्यात फक्त तुमच्या चुका असतील. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात दुसरं काही वाचायची गरज पडत नाही.

जेशेल, म्हणजे जावाच्या ओळी एकेक करून लगेच चालवून दाखवणारं साधन, त्याबद्दल सावध राहा. झटपट बघायला ते छान आहे, पण तिथले नियम थोडे सैल आहेत. एकच व्हेरिएबल पुन्हा घोषित केलं तरी चालतं, चेक्ड एक्सेप्शन न पकडताही ओळ चालते. कंपाइल होतं की नाही हे ठरवायला जेशेलचा कौल घेऊ नका, तो जावासीचाच घ्या.

आणि अडलात की ब्लॉग शोधण्याआधी जावा लँग्वेज स्पेसिफिकेशन उघडा. ओरॅकलच्या साइटवर फुकट आहे. लोक त्याला घाबरतात, पण सगळं वाचायचं नसतं. पाचवं प्रकरण रूपांतरांचं, आठवं क्लासचं, चौदावं स्टेटमेंटचं, पंधरावं एक्स्प्रेशनचं, सोळावं 'व्हेरिएबलला किंमत मिळालीय हे कंपायलरला कसं पटतं' याचं. तुमच्या वहीतल्या जवळजवळ प्रत्येक चुकीचं उत्तर या पाचांत सापडेल. इंग्रजी बोजड वाटेल, पण बऱ्याच नियमांखाली उदाहरण असतं. आधी उदाहरण वाचा, मग नियम.

लायब्ररीच्या बाजूला एपीआय नुसती पाठ करण्यात अर्थ नाही, पण काही जागा हटकून विचारल्या जातात. लिस्ट ऑफने बनवलेली यादी बदलता येत नाही आणि तिला नल चालत नाही. अरेज ॲज-लिस्टची यादी लांबीला पक्की, पण आतली किंमत बदलता येते. इंटिजरच्या यादीतून रिमूव्ह करताना ५ दिलंत तर पाचव्या इंडेक्सवरचं जातं, ५ ही किंमत नाही. आपोआप बॉक्स झालेले दोन इंटिजर ऑब्जेक्ट == ने तुलना केलेत तर १२७ ला ट्रू येतं आणि १२८ ला नेहमीच्या सेटिंगमध्ये फॉल्स, कारण उणे १२८ ते १२७ एवढ्याच किमतींचे ऑब्जेक्ट कॅशमधून मिळतील याची भाषेने हमी दिलीय. लोकलडेटला प्लस-डेज केलंत आणि परतलेली किंमत कुठे ठेवली नाहीत, तर तारीख तशीच. पीरियडवर ऑफ-इयर्स आणि त्याला जोडून ऑफ-मंथ्स लिहिलंत तर वर्षं गायब होतात आणि फक्त महिने उरतात, कारण दोन्ही स्टॅटिक मेथड आहेत. स्ट्रीमला शेवटची टर्मिनल क्रिया नसेल तर पीकमधलं काहीच छापलं जात नाही, आणि वापरलेली स्ट्रीम पुन्हा वापरली तर इल्लीगल-स्टेट एक्सेप्शन.

ट्राय-विथ-रिसोर्सेसचा क्रमही पक्का हवा. रिसोर्स उलट्या क्रमाने बंद होतात, आणि ते तुम्ही लिहिलेल्या कॅच आणि फायनलीच्या आधी. आतली ओळ एक्सेप्शन फेकते आणि क्लोजही फेकतो, तेव्हा मुख्य एक्सेप्शन आतलाच राहतो, क्लोजवाला 'सप्रेस्ड' म्हणून त्याला चिकटतो.

जावा २१ ची परीक्षा देताय तर नव्या गोष्टी मन लावून करा. जुन्या प्रश्नसंचांत त्या नसतात. सील्ड क्लासच्या प्रत्येक थेट वारसाने फायनल, सील्ड किंवा नॉन-सील्ड यांपैकी एक असायलाच हवं. रेकॉर्ड आपोआप फायनल असतो. रेकॉर्डच्या कॉम्पॅक्ट कन्स्ट्रक्टरमध्ये 'धिस डॉट' करून फील्डला किंमत देता येत नाही, पॅरामीटर बदलता येतो. रेकॉर्डला वेगळं इन्स्टन्स फील्ड नसतं, स्टॅटिक चालतं. स्विचमध्ये टाइप पॅटर्न वापरताना व्यापक प्रकार आधी लिहिलात आणि त्याच्या आतला नंतर, तर दुसऱ्यापर्यंत कधीच पोचता येणार नाही म्हणून कंपाइल होत नाही: आधी कॅरसीक्वेन्स आणि मग स्ट्रिंग हा नेहमीचा सापळा. 'केस नल' लिहिलेलं नसेल तर नल आल्यावर डीफॉल्ट असूनही नलपॉइंटर एक्सेप्शन येतो. सीक्वेन्स्ड कलेक्शनमध्ये रिव्हर्स्ड ही नवी प्रत देत नाही, मूळ यादीचंच उलटं दर्शन देते, म्हणून एकीकडे बदल केला की दुसरीकडे दिसतो. ट्रीसेटवर ॲडफर्स्ट केलंत तर अनसपोर्टेड-ऑपरेशन, कारण तिथे जागा क्रम ठरवतो, तुम्ही नाही.

व्हर्च्युअल थ्रेड नेहमी डीमन असतात, म्हणजे ते संपायची प्रोग्रॅम वाट बघत नाही. सेट-डीमनला फॉल्स दिलंत तर एक्सेप्शन येतो. म्हणून मेन मेथड व्हर्च्युअल थ्रेड सुरू करून लगेच संपली, तर आतलं काही छापलं जाईलच असं नाही. तेच काम एक्झिक्युटरने ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये केलंत तर कंस संपताना कामं पूर्ण होईपर्यंत थांबलं जातं. ही जोडी स्वतः चालवून बघा, मग विसरणार नाही.

लोकलायझेशनला बहुतेक जण शेवटच्या दिवशी हात लावतात. खरं तर तिथले मार्क हक्काचे आहेत, नियम मोजकेच. रिसोर्स बंडल, म्हणजे भाषेनुसार मजकूर ठेवलेली फाइल, शोधायचा क्रम आपल्याच भाषेवर करून बघा. मागितलेलं लोकेल (भाषा-देशाची जोडी) मराठी-भारत, मशीनचं डीफॉल्ट लोकेल इंग्रजी-अमेरिका. तुमच्याकडे फाइली दोनच: एक नुसत्या इंग्रजीची, एक कोणत्याही भाषेचं शेपूट नसलेली मूळ फाइल. कोणती उचलली जाईल? मूळ फाइल वाटते, पण इंग्रजीची उचलली जाते. आधी मराठी-भारत, मग मराठी, मग डीफॉल्टमधलं इंग्रजी-अमेरिका, मग इंग्रजी, आणि हे सगळं संपल्यावर मूळ. एकदा इंग्रजी ठरली की तिच्यात न सापडलेली 'की' (मजकुराचं नाव) तिच्या पालकातच, म्हणजे मूळ फाइलमध्ये शोधली जाते. दोन टप्पे वेगळे ठेवलेत की प्रश्न सुटला.

मॉड्यूलचं तसंच. कामात कुणी फारसे वापरत नाही, म्हणून अवघड वाटतात. दोन छोटी मॉड्यूल हाताने बनवा, कमांड लाइनवर कंपाइल करा, एक्सपोर्ट्स काढून बघा, रिक्वायर्सला ट्रान्झिटिव्ह लावून बघा, ओपन्स आणि एक्सपोर्ट्समधला फरक रिफ्लेक्शनने तपासा. एका रविवारचं काम आहे.

साहित्य निवडताना एक धोका ओळखा. इंटरनेटवरचे बरेच सराव प्रश्न जावा ८ चे आहेत आणि त्यांची उत्तरं आज चुकीची ठरतात. 'इंटरफेसमध्ये प्रायव्हेट मेथड चालत नाही' हे जावा ९ पासून खरं नाही. 'इनर क्लासमध्ये स्टॅटिक मेंबर घोषित करता येत नाही' हे जावा १६ पासून खरं नाही. उलट नुसता अंडरस्कोर हे व्हेरिएबलचं नाव पूर्वी चालायचं, जावा ९ पासून नाही. म्हणून प्रत्येक शंकास्पद उत्तर जावा २१ बसवलेल्या मशीनवर चालवून बघा. प्रश्नसंचात लिहिलंय म्हणून मान्य करू नका.

आता डम्प. परीक्षेतले खरे प्रश्न चोरून बाहेर आणलेले असतात त्यांना डम्प म्हणतात. ओरॅकलच्या नियमांत त्यांचा वापर म्हणजे फसवणूक, आणि सापडलात तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. पण समजा कुणीच पकडलं नाही, तरी मी तुम्हाला तो मार्ग सुचवणार नाही. तुम्ही पुण्यात काम करता, पुढच्या मुलाखतीत समोर बसणारा बहुधा जावावालाच असणार. बायोडेटावर हे प्रमाणपत्र दिसलं की तो पहिला प्रश्न इथलाच विचारतो, आणि पाठ केलेल्याचा कस दुसऱ्या उपप्रश्नाला लागतो. शिवाय डम्पमधली उत्तरं पुष्कळदा चुकीचीच असतात. कुणीतरी घाईने आठवून लिहिलेली, कुणी चालवून न पाहिलेली. मेहनतीने मिळवलेल्या नोकरीवर असला डाग कशाला?

सराव परीक्षा मात्र घ्या, पण आता घेताय तशा नको. आठवड्यातून एकच पूर्ण परीक्षा, सलग दोन तास, फोन दुसऱ्या खोलीत. त्यानंतरच्या संध्याकाळी त्या एकाच परीक्षेवर घालवायच्या: चुकलेले प्रश्न तर बघाच, पण बरोबर आलेल्यांतले 'अंदाजाने' आलेलेही बघा. त्यासाठी परीक्षा देतानाच अंदाजाच्या उत्तरावर कागदावर खूण करत जा. पन्नास टक्क्यांत अडकलेले बरेच जण एकामागून एक नव्या सराव परीक्षा देत राहतात, आणि त्याच चुका नव्या प्रश्नांत पुन्हा करतात. खऱ्या परीक्षेची तारीख कधी घ्यायची, तर आधी न पाहिलेल्या दोन वेगवेगळ्या संचांत सलग ऐंशीच्या आसपास पडायला लागले की. काठावर जाऊ नका. त्या दिवशी दडपणाने थोडे मार्क जातातच. कंपनी फी परत देत असेल तर त्याची अट आणि मुदत आधी एचआरला विचारून घ्या, कारण ही फी स्वतःच्या खिशातून दोनदा भरण्यासारखी नाही.

नाव नोंदवताना आपल्याकडे हमखास होणारा एक घोळ टाळा. आपल्या ओळखपत्रावर स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव असं तिहेरी नाव असतं, आणि खातं उघडताना आपण दोनच शब्द लिहितो. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांचा घोळ आणखी मोठा. परीक्षेच्या वेळी दाखवणार ते ओळखपत्र समोर ठेवा आणि खात्यातलं नाव अक्षर न अक्षर तेच करा. बदल करायचा तर तारीख घेण्याआधी करा. परीक्षा घरून देणार असाल तर टेबल रिकामं, खोलीत दुसरं कुणी नाही, भिंतीवर नोट्स चिकटवलेल्या नाहीत. लॅपटॉप कंपनीचा असेल तर त्यातली सुरक्षा सॉफ्टवेअर परीक्षेच्या प्रणालीला अडवू शकतात, शक्यतो स्वतःचा वापरा आणि सिस्टिम तपासणी दोन दिवस आधी करा. वीज जायची शक्यता असेल तर राउटरसुद्धा इन्व्हर्टरवर आहे ना बघा, नुसता लॅपटॉप पुरत नाही.

परीक्षा सुरू झाली की आधी पर्याय बघा, मग कोड. पर्यायांत 'कंपाइल होत नाही' असेल तर पहिली नजर फक्त त्यासाठी फिरवा: सेमिकोलन, परतीचा प्रकार, न पकडलेला चेक्ड एक्सेप्शन, किंमत न दिलेलं लोकल व्हेरिएबल, फायनलला दुसऱ्यांदा दिलेली किंमत, 'वार' (var) ने घोषित केलेल्या व्हेरिएबलला सुरुवातीलाच दिलेला नल. इम्पोर्ट किंवा पॅकेजच्या ओळी दाखवलेल्याच नसतील आणि प्रश्न त्यांच्याबद्दल नसेल, तर त्या आहेत असं धरा. नुसता तुकडा दिलाय तर आजूबाजूचा आवश्यक कोड आहे असं धरा. इथे शंका काढून वेळ घालवू नका. दोन मिनिटांत दिशा दिसली नाही तर एक पर्याय निवडून खूण करा आणि पुढे चला. नंतरच्या एखाद्या प्रश्नाचा कोडच कधी कधी आधीच्या शंकेचं उत्तर देऊन जातो. शेवटी परत येताना उत्तर बदलायचं तर तेव्हाच, जेव्हा बदलाचं कारण एका नियमात सांगता येईल. 'आता ते दुसरंच बरोबर वाटतंय' एवढ्यावर बदलू नका.

पहिल्या वेळी नाही झालं तर पुन्हा बसण्याआधी १४ दिवस थांबावं लागतं. निकालाच्या कागदावर कोणत्या विषयातले प्रश्न चुकले त्याची यादी येते. ती यादी आणि तुमची चुकांची वही शेजारी ठेवा. यादीतला विषय वहीत आधीच भरपूर असेल, तर तिथे नियम ठाऊक होता आणि वाचताना घाई झाली. तिथले तुकडे पुन्हा घड्याळ लावून वाचा. विषय वहीत जवळजवळ नसेलच, तर त्यावर तुम्ही कोड लिहूनच पाहिलेला नाही, मग त्या १४ दिवसांतला बराचसा वेळ त्यालाच द्या.